खिडक्यांना चारलेला मैदा

क्वार्टर्सच्या त्या अख्ख्या लाइनीत विनताच्या खिडक्यांसारख्या खिडक्या कुणाच्याच नव्हत्या. हे विष्णुपंत म्हणाले होते, आणि विष्णुपंत कुणाची उगाच स्तुती करणाऱ्यांतले नव्हते. तोफगाड्यांच्या फॅक्टरीच्या हिशेबखात्यात जन्म काढलेला माणूस. पासष्ट साली गौरी-गणपती घरात असतानाच रेडिओवर लढाईची बातमी आली, जबलपुरात ब्लॅकआउटचा हुकूम निघाला आणि विष्णुपंत लाइनीचे वॉर्डन झाले. दंडाला पट्टी, हातात काठी, आणि शिट्टी हरवू नये म्हणून किल्लीशेजारी जानव्यालाच बांधलेली. दिवस मावळला की "अरे ओ, बत्ती!" करत ते फिरायचे. कुणाच्या झरोक्यातून उजेडाची रेघ दिसली की शिट्टी, पाठोपाठ काठीचा ठोका, आणि मग त्या घरातल्या माणसाचा, त्याच्या वडिलांसकट उद्धार.

विनताच्या घरावर मात्र शिट्टी कधी वाजली नाही. उलट बाकीच्या बायकांना ते सांगायचे, "रत्नाकरच्या घरी जा अन् बघून या. खिडकी कशी असते, ते शिका."

असं काय केलं होतं तिने? खाकी कागदाचा एक थर, त्यावर काळ्या कागदाचा, त्यावर पुन्हा खाकीचा. नुसत्या काचांवर नव्हे. दोन झडपा जिथे मिळतात त्या फटीवर, चौकटीच्या कडांवर, वरच्या झरोक्यावर, सगळीकडे पट्ट्या. आणि चिकटवायला मैद्याची खळ, शेगडीवर पातेलंभर शिजवलेली, गुळगुळीत, गाठ नसलेली. तिच्या मनाचा हिशेब सरळ होता. शत्रूचं विमान जबलपूरवर आलंच, तर ते भेडाघाटचे संगमरवरी खडक बघायला थोडंच येणार? ते फॅक्टरीवर येणार. फॅक्टरीत रत्नाकर, तिचा नवरा, ओव्हरटाइमवर. आणि फॅक्टरीच्या भिंतीपासून हाकेवर पाळण्यात शकु, जिला अजून नीट बसताही येत नव्हतं.

"माणसांना रेशनवर मैदा मिळून नाही राहिला," राधाबाई, तिच्या सासूबाई, पातेल्यात डोकावून म्हणाल्या होत्या, "अन् तू खिडक्यांना चारून राहिली!"

"आई, उजेड बाहेर गेला तर?"

"अगं, पण हवा तरी आत येऊ दे."

"दिवसा कागद काढला अन् तिन्हीसांजेला हल्ल्याचा भोंगा झाला तर? तेव्हा कोण चिकटवत बसणार?"

राधाबाईंनी हात जोडले होते. खिडक्यांना की सुनेला, ते कळलं नव्हतं.

जबलपूरच्या पावसाळ्यात घरात ओल येते ही काही नवलाची गोष्ट नाही. क्वार्टर्स नाल्याच्या बाजूला, भिंती दगडी, वर कौलं. भादव्यात पाऊस थांबतो आणि उमस सुरू होते. चपलेवर बुरा येतो, कमरेच्या पट्ट्यावर येतो, मीठ पाझरतं, काड्या ओढून ओढून माणूस थकतो. शेजारपाजारी सगळे "सीलन है" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. पण त्या वर्षी विनताच्या घरातली सीलन निराळीच होती. दार उघडून आत पाऊल टाकलं की तळघरात शिरल्यासारखा कुबट वास. उशीत वास, दुपट्यांत वास, शकुच्या मऊ केसांतसुद्धा तोच वास. आणि शकुची छाती वाजायला लागली.

सुरुवातीला बारीक, मांजर घुरघुरल्यासारखी. मग संध्याकाळी दार लोटलं की मोठ्याने. दूध पिताना मधेच तोंड सोडायची, मान मागे टाकायची, दोन-चार श्वास ओढून घ्यायची आणि आईकडे रागाने बघायची, जणू यात आईचाच काही दोष. विनता रात्रंदिवस तिच्या तोंडाकडे बघत राहायची. ओठांचा रंग, नाकपुड्या, बरगड्यांमधली खळगी. आपली नजर हलली तर पोरीचा श्वास हलेल, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुलाबी मिक्श्चर दिलं आणि सांगितलं, "घरात हवा कोरडी ठेवा. ओल नको, धूर नको."

झालं. विनताने पदर खोचला आणि ओलीचा शोध सुरू केला.

आधी पाळी आली दुपट्या-लंगोटांची. राधाबाई पेटत्या शेगडीवर टोपली पालथी घालायच्या आणि तिच्यावर ते वाळवायच्या. सगळी वाफ घरात! ते बंद. मग शकुची ओव्याची धुरी. डॉक्टरांनी धूर नको म्हटलं होतं. तीही बंद.

"रत्नाकरला मी ओव्याच्या धुरीवरच वाढवलं," राधाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच त्यांना फॅक्टरीचा धूर सोसतो," विनता म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. पण राधाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग लोणच्याच्या बरण्या कपाटातून निघाल्या. देवघरातली ओली फुलं रोजच्या रोज बाहेर. कोपऱ्यातली गोणपाटं बाहेर. विनताच्या कॉलेजच्या पुस्तकांवर ठिपके आले होते, तीही अंगणात उन्हाला. ऊन पडलं तर. राधाबाई सगळं ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, "आता मीच तेवढी जुनी वस्तू राहिली आहे घरात. मला केव्हा काढतेस अंगणात?"

"तुम्हाला कुठे बुरा आलाय, आई?"

"गुडघ्यांत बघ. तिथे आला आहे."

पण लंगोट वाळवायचे कुठे, हा प्रश्न राहिलाच. तो रत्नाकरने सोडवला. फॅक्टरीतल्या त्याच्या शॉपमध्ये भट्टी होती आणि भट्टीमागे तारेची जाळी. तो डब्याच्या पिशवीत ओले लंगोट पिळून न्यायचा आणि परतताना कडकडीत वाळलेले, लोखंडाच्या वासाचे लंगोट आणायचा. लढाईचे दिवस, गेटवर झडती कडक. एकदा दरबानने पिशवी उपडी केली आणि एकेक लंगोट उलगडून उजेडात धरला.

"ये क्या है, भैया?"

"मेरी बेटी का सामान," रत्नाकर म्हणाला. रांगेतले लोक हसून हसून बेजार झाले. त्या दिवसापासून शॉपमध्ये त्याला येताजाता कुणीतरी विचारायचंच, "क्यों पंडित, आज कितने बने?"

हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा विनता हसली खरी, पण हसता हसता तिचे डोळे शकुच्या छातीवरच होते. छाती वाजतच होती. घर कोरडं करायला म्हणून जे जे होतं ते सगळं झालं होतं. राहिल्या होत्या त्या फक्त खिडक्या. आणि त्यांच्याकडे ती शंकेने बघणं शक्यच नव्हतं, कारण त्यांची देखभाल तीच तर करत होती. दमट हवेने कागदाचा कोपरा सुटायचा. सुटला रे सुटला की विनता वाटीभर खळ करायची आणि त्यावर आणखी एक पट्टी मारायची. आज हा कोपरा, उद्या तो.

पितृपक्षातली एक दुपार. राधाबाई ओट्याशी तांदूळ निवडत होत्या. शकुला कडेवर घेऊन विनता खिडकीजवळ उभी होती. घरात दिवसाही दिवा लावल्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणून दिवा लावलेला. सुटलेला एक कोपरा विनताच्या नजरेला पडायच्या आत शकुच्या नजरेला पडला. तिने मूठ घातली आणि ओढलं.

कागद फाटला नाही. गोधडीसारखा, जड, ओला, तो तसाच्या तसा खाली लोंबला.

मागे काच नव्हतीच. म्हणजे असेल, पण दिसत नव्हती. हिरवी, काळी, मधे मधे कापसासारखी पांढरी लव. गोल गोल, एकमेकांत शिरलेली वर्तुळं. चौकटीच्या लाकडावर, कागदाच्या आतल्या अंगाला, आणि जिथे जिथे पट्टीवर पट्टी होती तिथे सगळ्यांत दाट. तो वास एकदम तोंडावर आला. शकु खोकली, आणि तिची ती हिरवी झालेली मूठ तोंडाकडे निघाली.

विनताने मूठ वरच्या वर पकडली. पदराने पुसली, पाण्याने धुतली, पुन्हा पुसली. आणि मग शकुला घट्ट धरून ती खालीच बसली.

कॉलेजात बॉटनीच्या प्रॅक्टिकलला त्यांनी बुरशी वाढवली होती. पावाचा तुकडा ओला करायचा, बशीत ठेवायचा, वर काचेची हंडी पालथी घालायची आणि कपाटात अंधारात ठेवून द्यायचं. विनताची बुरशी वर्गात सगळ्यांत छान आली होती. सरांनी तिची आकृती वर धरून दाखवली होती. ओल पाहिजे, अंधार पाहिजे, वारा नको आणि खायला पीठ पाहिजे. परीक्षेत तिने हे चार मुद्दे एकाखाली एक लिहिले होते. आणि आता पातेली पातेली खळ शिजवून, फट न् फट बुजवून तिने हंडी पालथी घातली होती. आत पोर ठेवून.

"काय झालं गं?" राधाबाई सूप बाजूला ठेवून आल्या. त्यांनी खिडकी बघितली. वाकून, चष्मा वर करून नीट बघितली. "अगं बाई! हे तर माझ्या पापडांवरच्यापेक्षा जोमात आलं आहे."

"मीच केलं, आई." विनताला रडू आवरेना. "तुमच्या बरण्या काढल्या, तुमची धुरी बंद केली, आणि हे... मीच रोज खायला घालत होते."

आता सासूबाई काहीही बोलल्या असत्या तरी तिने ऐकून घेतलं असतं. ऐकायला मिळालं तर बरं, असंही वाटत होतं. पण राधाबाईंनी नुसता कपाळावरचा घाम पुसला.

"रडतेस काहून? पोरीला घेऊन रडायचं आहे की माझ्यासाठी स्टूल धरायचं आहे, ते एकदा ठरव."

"तुम्ही नाही चढायचं. गुडघे..."

"मग तू चढ. चलो, ऊठ."

शकुचा पाळणा अंगणात पेरूच्या झाडाखाली गेला. विनताने नाकाला फडकं बांधलं आणि उलथण्याने कागद खरवडायला घेतला. तो चिंध्या चिंध्या होऊन निघत होता, खाली राधाबाई त्या बादलीत गोळा करत होत्या. मग कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि नारळाची शेंडी. लाकूड घासून घासून पांढरं झालं. झडपा मात्र फुगून बसलेल्या, हलेनात. विनताने हाताने ढकललं, खांद्याने ढकललं. राधाबाईंनी खलबत्त्यातला बत्ता आणून तिच्या हातात दिला. दोन दणक्यांत झडप उघडली. मागची खिडकीही उघडली, आणि पेरूच्या पानांवरून आलेला वारा या खिडकीतून त्या खिडकीत निघून गेला. देवघरावरचं कॅलेंडर फडफडलं. किती दिवसांनी कोण जाणे.

दोघी घामाने निथळत जमिनीवर बसल्या.

"आता?" विनता म्हणाली. "संध्याकाळी?"

हाच खरा प्रश्न होता. खिडक्या मिटल्या तर शकुची छाती. उघड्या ठेवल्या तर उजेड. आणि उजेड म्हणजे फॅक्टरी, आणि फॅक्टरीत रत्नाकर.

राधाबाईंनी पायावरून हात फिरवला. "उजेडच नाही केला तर?"

"म्हणजे?"

"गढ्याच्या वस्तीत जैनांची घरं नाहीत का? दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे. आपणही जेवू. शेगडी विझवू. बल्बला हात नाही लावायचा. अंधाराला कागद कशाला पाहिजे?"

"आणि तुमची सांजवात?"

राधाबाईंची सांजवात कधी चुकली नव्हती. रत्नाकरचे वडील गेले त्या संध्याकाळीसुद्धा शेजारणीकडून त्यांनी ती लावून घेतली होती. त्यांनी एकदा देवघराकडे बघितलं.

"उन्हं असताना लावीन," मग म्हणाल्या. "नात धापा टाकून राहिली, हे काय देवाला दिसत नाही?"

संध्याकाळी विष्णुपंत आले ते लांबूनच ओरडत. "खिडकी! रत्नाकर, खिडकी उघडी आहे!" शिट्टी तोंडाशी नेली आणि थांबले. उजेडच नव्हता. काठी टेकत ते पायरीपर्यंत आले.

"कागद कुठे आहे?"

"काढला, काका," विनता आतून म्हणाली. "आम्ही दिवाच लावणार नाही."

"पण कागद पाहिजे. आदेश आहे."

"आदेश उजेडाचा आहे की कागदाचा?"

विष्णुपंत असल्या प्रश्नांना हिशेबखात्यात उत्तर देत नसत, बाहेर तर नाहीच. "सूनबाई, मी तुमच्या खिडक्या लोकांना दाखवून राहिलो, अन् तुम्ही..."

"इकडे या विष्णुपंत," राधाबाई म्हणाल्या. त्यांनी शकुला उचलून दारात आणलं. "वाका. कान लावा हिच्या छातीला. काय ऐकू येतं, ते सांगा."

म्हातारा वाकला. शकुने त्यांची पट्टी ओढली. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"अरे राम राम," ते सरळ होत म्हणाले. "किती दिवस आहे असं?" आणि उत्तराची वाट न बघता, "पण एक किरण जरी दिसला ना, तर मी कुणाची नात बघणार नाही. सांगून ठेवतो."

"नका बघू," राधाबाई म्हणाल्या.

पुढचे काही दिवस असेच गेले. दिवसा राधाबाईंनी गढ्याहून आणवलेला चुना भिंतींना लागला, पुस्तकं उन्हात उलटीसुलटी झाली. शकुची छाती दिवसा बरीच मोकळी वाटायची, संध्याकाळी थोडी वाजायची. विनताला मात्र अंधार सोसत नव्हता. आधी निदान ती बघू तरी शकत होती. आता पोरगी मांडीवर, पण ओठ दिसत नाहीत, नाकपुड्या दिसत नाहीत. ती नुसतं ऐकत बसायची, आणि ऐकता ऐकता तिला नसलेलंही ऐकू यायचं.

आणि मग त्या संध्याकाळी, जेवणं उरकून भांडी घासून होतात न होतात तोच भोंगा झाला. वर-खाली, वर-खाली. नेहमीच्या सरावाची वेळ नव्हती. लाइनीत दारं आपटली, कुणाचं तरी पोर रडलं, विष्णुपंतांची शिट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आभाळ ढगांनी भरलेलं, बाहेरही आतल्याइतकाच काळोख. रत्नाकर तिकडे, भिंतीच्या आत.

भोंग्याने शकु दचकून उठली, रडली, आणि रडता रडता तिला खोकला आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मग थांबला, आणि त्यानंतर काहीच आवाज नाही.

"शकु?" विनताने तिला हलवलं. "शकु! आई, हिचा आवाज येत नाही. मला दिसत नाही हो, मला काही दिसत नाही!"

तिचा हात ओट्यावर गेला. काडेपेटी तिथेच असायची. सापडली. काडी बोटांत आली. समोर दोन्ही खिडक्या सताड उघड्या. एक काडी. एवढीशी. पोरीचे ओठ निळे आहेत का, एवढंच तर बघायचं होतं.

"विनता." राधाबाई अंधारातून म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "काडी नको. मी आले."

"ओठ बघू द्या मला!"

"ओठ बघून काय करशील? श्वास डोळ्यांनी नाही दिसत, बाई. आडवी धर तिला, तोंड खाली. आण, हात आण तुझा."

राधाबाईंचा खरबरीत हात तिच्या मनगटावर आला. त्याने काडेपेटी बाजूला केली आणि विनताचा तळवा शकुच्या पाठीवर ठेवला. वर स्वतःचा. "थोपट. खालून वर. जरा जोरात. तुटत नाही ती."

विनताने थोपटलं. तळव्याखाली ती चिमुकली पाठ ताठ झाली होती. एकदा, पुन्हा एकदा. आणि मग घशात काही खळखळलं, विनताच्या मांडीवर गरम ओलं काहीतरी पडलं, आणि शकुने असं भोकाड पसरलं की बाहेरच्या भोंग्याला जागा उरली नाही.

"रड," राधाबाई म्हणाल्या. "रड माझी राणी, रड. मोकळी हो."

विनताने हात काढला नाही. रडणं ओसरलं, हुंदके झाले, हुंदकेही लांब लांब गेले. तळव्याखाली पाठ वर यायची आणि खाली जायची. वर यायची आणि खाली जायची. खिडकीतून वारा आला, मागच्या खिडकीतून गेला. घुरघुर होती, पण ती आता कानाने शोधावी लागत होती. हाताला तर ती लागतच नव्हती. विनताने डोळे मिटले. मिटले काय अन् उघडे ठेवले काय, सारखंच होतं. तरी तिने ते मिटले.

धोका टळल्याचा सरळ, लांबलचक भोंगा झाला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. पोरीच्या पाठीवर विनताचा हात, त्यावर राधाबाईंचा. फॅक्टरीची धडधड लांबून, नेहमीसारखी, ऐकू येत होती.

खिडकीबाहेर काठी वाजली.

"रत्नाकरकडचे!" विष्णुपंतांचा खणखणीत आवाज आला. "सब ठीक? अजून बत्ती नका लावू!"

"कोण लावून राहिलं?" राधाबाई दबक्या आवाजात खेकसल्या. "पोरगी झोपली आहे. हळू बोला."

मग विष्णुपंतांचं डोकं, काळोखात आणखी थोडा काळोख, खिडकीच्या चौकटीत आलं.

"अच्छा," ते कुजबुजले. "झोपली?"

"झोपली, काका," विनता म्हणाली.

"अन् छाती?"

विनताने तळवा जरा दाबून बघितला. "चालली आहे. छान चालली आहे."

"चलो," म्हातारा म्हणाला, आणि काठी जमिनीला न लावता, काखेत मारून, हळूहळू पुढच्या दाराकडे गेला.